सोन्याचे कण आणि हसुरामकाकांची जीभ

पनवेलला जाऊन आले असं सांगितलं की पुण्यातली माणसं विचारतात, "आणि पुढे कुठे?" पनवेलला कोणी मुक्कामाला जातं हे त्यांना पटतच नाही. कोकणात जाताना तिथे चहा प्यायचा, मुंबईला जाताना तिथे पाय मोकळे करायचे, एवढीच आपली त्या गावाशी ओळख. मीही पंचवीस वर्षं तशीच जात-येत होते. या मार्चमध्ये मात्र तीन दिवस मुद्दाम तिकडे राहिले, आणि आता लिहायला बसले तर हात जड झाला आहे. प्रवासवर्णन लिहिणारा माणूस सहसा स्वतःच्या वर्णनात बरा दिसतो. इथे तसं होणार नाही, हे आधीच सांगून टाकते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. का ते पुढे कळेल.

मी कशासाठी गेले ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी रसायनशास्त्र शिकवते आणि पुण्यातल्या एका संस्थेत छोटी प्रयोगशाळा चालवते. आमचं काम सोन्याच्या कणांचं. हे कण इतके बारीक, की काही हजार एका ओळीत लावावेत तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरेल. पाण्यात असले की पाणी सोनेरी दिसत नाही, डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. या प्रत्येक कणाभोवती आम्ही पॉलिमरचे, म्हणजे लांबलचक रेणूंचे, जणू केस लावतो. मग सगळं नेमकं जुळून आलं, की कण कोणी हात न लावता आपापले वर येतात आणि पाण्याच्या पृष्ठभागावर मधाच्या पोळ्यातल्या घरांसारखे ओळीत बसतात. ताटलीतल्या लाल पाण्यावर सोन्याची साय धरते. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी भर प्रयोगशाळेत टाळ्या पिटल्या होत्या.

त्यावर आमचा शोधनिबंध छापून आला. हे कण असे ओळीत बसतात ते आम्ही निवडलेल्या पॉलिमरमुळे आणि पॉलिमर अत्यंत शुद्ध असल्यामुळे, असं मी त्यात ठासून लिहिलं. कौतुक झालं. कौतुक मला चटकन चढतं, आणि राग त्याहून चटकन.

हा पॉलिमर पनवेलजवळच्या एका छोट्या कंपनीतून यायचा. तो तयार होताना त्यात मीठ राहतं, ते पाण्याने पुन्हापुन्हा धुऊन काढायचं असतं. गेल्या वर्षी एका बाटलीच्या तोंडाशी मला पांढरा खरखरीत थर दिसला. तपासलं तर मीठ. झालं! मी दुपारच्या चहाचा कप हातात धरूनच कंपनीला इंग्रजीत मेल ठोकला, की धुण्याचं काम करणारा माणूस निष्काळजी आणि अडाणी दिसतो, अशा माणसाला तुम्ही ठेवता तरी कसं? चहा गार व्हायच्या आत मी ते विसरूनही गेले.

पुढची बाटली स्वच्छ आली आणि साय धरायची थांबली. लाल पाणी लालच राहायचं. तीन आठवडे मी माझ्या विद्यार्थिनीला, अनघाला, फैलावर घेतलं. तुझे हात स्वच्छ नाहीत, तुझं लक्ष नाही. शेवटी ती खाली बघत म्हणाली, "मॅडम, आधीच्या सगळ्याच बाटल्यांत मीठ असलं तर?"

असलं तर आमची साय पॉलिमरच्या शुद्धतेने नव्हे, कोणाच्या तरी चुकीने धरत होती. जुन्या बाटल्या संपल्या होत्या. आम्ही स्वच्छ पॉलिमरमध्ये मोजून मीठ घालून पाहिलं. कमी घातलं तर काहीच होईना, जास्त घातलं तर सगळे कण एकमेकांना चिकटून जांभळा गाळ तळाशी बसायचा. परदेशातल्या एका गटाने लिहिलं, की तुमचा प्रयोग आमच्याकडे होत नाही. त्यांना मी ताठ उत्तर पाठवलं. आणि मुंबईच्या एका परिषदेत याच सायीवर मला व्याख्यान द्यायचं होतं. त्याला चार दिवस उरले होते. बाटल्या धुणारा तो माणूस नक्की काय करत होता, ते आता फक्त तोच सांगू शकत होता.

कळंबोली

कंपनीतले साळवी नावाचे सुपरवायझर मला कारखान्यात बोलवायला तयार नव्हते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात, एका चहाच्या टपरीवर भेटू म्हणाले. पुण्याहून येणारी गाडी मला मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी सोडून गेली आणि मी पर्स छातीशी धरून आत शिरले. दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्यांचे ढीग, पत्र्यांची गुंडाळी, ट्रकखाली सतरंजी टाकून झोपलेले ड्रायव्हर. आमच्याकडे लक्ष्मी रोडला बायका साडीचा पोत बघतात तशी इथली माणसं सळईवर नख मारून बघत होती. सळई उतरवताना होणारा आवाज पोटात जायचा. त्या आवाजातच आमचं बोलणं झालं.

"मॅडम, तुम्ही स्वतः कशाला आलात? फोनवर बोललो असतो की," साळवी म्हणाले. पस्तिशीचे, नीटनेटके, बोलण्यात अर्धं इंग्रजी.

"धुण्याचं काम करणारे ते गृहस्थ कुठे भेटतील?"

"हसुराम? ते तर गेले ना, तुमच्या मेलनंतर. म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर होते, त्याच वीकमध्ये क्लोज केलं. इश्यू काही झाला नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

त्यांना वाटलं मी खात्री करून घ्यायला आले आहे. मी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"पाण्यात मीठ किती राहिलं ते तुम्ही मोजत नव्हता?"

"मीटर होता, पण बंद पडलेला. खरं सांगू का, हसुरामकाकांची जीभ मीटरपेक्षा भारी होती. मिठागरातला माणूस तो. धुतलेल्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायचे आणि म्हणायचे, अजून दोन पाणी. आम्ही बाहेरून टेस्ट करून आणायचो तर बरोबर दोन पाण्यांनीच क्लिअर. कित्येक वर्षं असंच चाललं. शेवटी शेवटी काय बिनसलं देव जाणे."

"त्यांना काय सांगून काढलंत?"

"मीच तुमचा मेल वाचून दाखवला. मराठी करून. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, परत वाच. मग मी परत वाचला."

साळवींनी चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. गाव कुठे, कुठल्या फाट्यावर उतरायचं, ते एका बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.

पनवेल

त्या दिवशी पुढे जायचं धैर्य झालं नाही. उशीर झाला असं स्वतःला सांगितलं, पण ऊन अजून डोक्यावर होतं. स्टँडजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. खिडकीतून कर्नाळ्याचा तो अंगठ्यासारखा सुळका दिसत होता. कॉलेजात असताना आम्ही तिथे पक्षी बघायला आलो होतो आणि पक्ष्यांपेक्षा एकमेकांनाच जास्त बघितलं होतं. खोलीत बसून मी मोबाईलमधला तो जुना मेल उघडला. निष्काळजी आणि अडाणी. इंग्रजीत लिहिताना ते शब्द किती हलके वाटले होते! साळवींनी ते मराठीत कसे म्हटले असतील, हे मी मोठ्याने म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा म्हणवेना.

संध्याकाळी बाजारातून एक चक्कर मारली. मासळीवाल्या, सोनाराची दुकानं, बिल्डरांच्या जाहिराती आणि त्यात मधेच शांत तळं. तळ्याकाठी मी काय बोलायचं त्याची तालीम केली. काका, तो मेल मी लिहिला होता. एवढंच वाक्य. वर्गात दोनशे मुलांपुढे बोलणाऱ्या बाईला एक वाक्य जड का जावं?

फाट्यापासून गावापर्यंत

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा आसनी रिक्षात नवव्या माणसाच्या जागेवर बसून निघाले. उरणच्या रस्त्याला कंटेनर घेऊन जाणाऱ्या ट्रेलरांची अखंड रांग, आणि त्यांच्यामधून आमची रिक्षा डासासारखी वाट काढत होती. मी बिलाच्या पाठीवरचं वाचत बसले आणि एक फाटा आधीच उतरले. मग दीड-दोन किलोमीटर चालणं आलं. एका बाजूला कंटेनरचे रंगीबेरंगी मजले, दुसऱ्या बाजूला खाजण, खाडीची दलदल. वाट सोडून सावलीकडे वळले तर वरून सुकलेला दिसणारा चिखल आतून ओला निघाला. पाय घोट्यापर्यंत गेला. पाय बाहेर आला, सँडल आतच राहिला, आणि ओढून काढला तेव्हा त्याचा पट्टा तुटलेला होता.

अशी एक पाय अनवाणी आणि चिखलाने भरलेली मी हसुरामकाकांच्या दारात पोचले. गावात तीन-तीन मजली बंगले होते, जमिनी गेल्या त्यांच्या पैशांतून उठलेले. काकांचं घर त्यात बुटकं, कौलारू, पुढे ओटा. ओट्यावर एक लुकडा, उंच म्हातारा जाळं सांधत होता. मला बघून त्याने आधी पाण्याची बादली आणून माझ्यापुढे ठेवली आणि मग विचारलं, "कोन पायजे?"

तालीम केलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण दारातून काकू बाहेर आल्या, माझ्या पायाकडे बघून "अगो बाय!" म्हणाल्या आणि मी भलतंच बोलून गेले.

"पुण्याहून आलेय. मिठागरांवर लिहायचंय मला. तुम्हाला त्यातलं कळतं असं ऐकलं."

खोटं इतक्या सहज आलं की मीच चकित झाले. काकांचा चेहरा मात्र उजळला.

"या, या. बसा. मिठागराचं आता कोन इचारतो? सगले जमिनीचा भाव इचारतात."

काकूंनी आतून चपलांचा जोड आणला. निळ्या, वर पांढरी फुलं, तळ अजून कोरा. "पोरीच्या साकरपुड्याला घेतल्या व्हत्या. घाला. तुमचा सँडल ह्ये सांधून देतील." मी नको नको म्हणत होते तोवर त्यांनी खाली वाकून एक चप्पल माझ्या पायात घातलीसुद्धा.

जेवायला त्यांनी विचारलं नाही, ताटंच घेतली. मी कोल्हापूरकडची, भाकरी म्हणजे ज्वारीची आणि परातीत दणादण थापलेली, अशी माझी समजूत. इथे तांदळाच्या उकडीची पांढरी भाकरी काकू पाण्याच्या हाताने वाढवत होत्या, आणि ती रुमालासारखी मऊ. सोबत कोलंबीचं कालवण आणि कांद्यात परतलेला सुका जवळा. कोलंबी सोलायला लागले तर काट्याने बोट टोचून घेतलं. खाडीच्या मासळीपुढे मी अगदीच अडाणी. तो शब्द मनात आला आणि मी पुढची कोलंबी न सोलताच ताटाच्या कडेला ठेवली.

काकांनी जेवताना दोनदा मिठाच्या बरणीकडे हात नेला. दोन्ही वेळा काकूंनी न बघता बरणी पलीकडे सरकवली. "मीठ बरोबर हाय ना कालवनात?" काकांनी मला विचारलं. बरोबर होतं. मी तसं सांगितलं. ते समाधानाने जेवू लागले.

काका हात धुवायला परसात गेले तेव्हा काकू हळूच म्हणाल्या, "तुमी आल्या ते बरं झालं. किती दिसांनी बोलले असं मोकलं. कंपनीनं काडलं ना ह्यांना. कोनी बाईनं पुन्याहून काय तरी लिवलं. दोन म्हयनं घराभायेर पडलं नाय. गावात काय सांगाचं? हसुरामच्या जिबंला आख्खं गाव मानतं."

मी भाकरीचा शेवटचा तुकडा कालवणात बुडवला आणि खाल्ला. आताही ते आठवलं की मला स्वतःची किळस येते. त्या क्षणी बोलायचं सोडून मी जेवण पूर्ण केलं, आणि वर ताक मागून घेतलं.

त्या रात्री काकूंनी मला जाऊच दिलं नाही. लेकीची खोली रिकामी होती, तिथे गादी घातली. सकाळी मिठागर दाखवायचं काकांनी ठरवून टाकलं होतं.

मिठागर

काकांच्या चुलतभावाकडे अजून थोडं मिठागर शिल्लक आहे. सकाळी आठालाच ऊन तापलं होतं. काकूही डबा घेऊन आमच्यासोबत आल्या होत्या. चिखलाचे बांध घालून केलेले चौकोनी वाफे, एकाला लागून एक, आणि पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं टप्प्याटप्प्याने घट्ट होत जाणारं. शेवटच्या वाफ्यात पाण्यावर पातळ पांढरा पापुद्रा तरंगत होता. मी बांधावर उकिडवी बसून बघत राहिले. आमच्या ताटलीतली सायच ती. रंग तेवढा वेगळा.

चुलतभाऊ काकांची वाट बघतच होते. "हसुराम, ह्या वाफ्यातला पानी पुडं सोडू काय?"

हा तिथला रिवाज. एका वाफ्यातलं पाणी पुढच्यात कधी सोडायचं ते जीभ ठरवते, आणि त्या गावात ती जीभ हसुरामकाकांची. ते वाकले, बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पण मी प्रयोगशाळेतली बाई. कोण कुठे हात घालतं हे बघायची मला सवय आहे. काका वाकायच्या आधीच काकूंनी पाय धुण्याच्या निमित्ताने बोट बुडवून तोंडाला लावलं होतं. आता त्या पदराने वारा घेत म्हणाल्या, "आज ऊन कमीच हाय."

"आजचा दिस थांब," काका भावाला म्हणाले. "उद्या सोड."

भाऊ मान डोलवून गेला. काकू डबा घेऊन खोपीकडे गेल्या. मी काकांना विचारलं, मीठ लवकर यावं म्हणून घाई केली तर काय होतं?

"घट्ट पानी एकदम सोडलं ना, तर मीठ धावत येतं. बारीक, चिखलात मिसललेलं. त्याला कोन हात लावत नाय. पातल पानी ठेवाचं आनि उनाला त्याचं काम करू द्याचं. हलूहलू आटलं की खडा बनतो. मीठ घालाचं नसतं बाय, येऊ द्याचं असतं."

ज्यासाठी मी आले होते ते मला मिळालं होतं. आम्ही मीठ एकदम घालत होतो, म्हणून गाळ बसत होता. काकांच्या बाटल्यांत मीठ थोडंच राहिलेलं असायचं आणि आमची ताटली रात्रभर उघडी. पाणी आटत जायचं, मीठ हळूहळू वाढायचं, आणि कणांना आपापली जागा शोधायला वेळ मिळायचा. सरळ साधी गोष्ट. डॉक्टरेटचे सगळे कागद भिंतीवर लावून बसलेल्या मला ती सुचली नव्हती.

खोपीच्या सावलीत बसल्यावर काकांनी आधी आत डबा सोडणाऱ्या काकूंकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी परक्या, उद्या जाल. म्हनून सांगतो. तुमी बगितलंत ना मगाशी?"

मी हो म्हटलं.

"कोरोनात ताप आला. ताप गेला, पन जीब गेली ती परत नाय आली. गोड नाय, तिखट नाय, मीठ नाय. डॉक्टर बोलला येल. वरसं झाली. गावात ठावं नाय. ही चाखते आनि मना सांगते. ऊन जास्ती हाय बोलली म्हंजे पानी तयार, कमी बोलली म्हंजे थांबाचं."

"आणि कंपनीत?"

"तिथं कोन चाखनार? सांगितलं असतं तर काडलं असतं. मंग अंदाजानं धुवायचो. भ्याच्या पोटी दोन पानी जास्तीच. तरी मीठ राहून जायाचं." त्यांनी मातीत बोटाने रेघ ओढली. "त्या बाईनं लिवलं ते बरोबरच लिवलं. मीठ व्हतं. पन तिनं निष्काळजी म्हनलं. अडानी म्हनलं तर म्हनू दे, सातवी नापासच हाय मी. निष्काळजी मात्र मी नाय. तुमी पुन्याच्या, शिकलेल्या. ती बाई कदी भेटली तर सांगा तिला, जीब गेली व्हती. तिला एकटीला सांगा. दुसऱ्या कोनाला नको."

माझ्या पायात काकूंच्या चपला होत्या. मी त्यांवरच्या फुलांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "सांगते."

मोरा

व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं. उरणच्या मोरा बंदरातून लाँचने मुंबई गाठायचं मी ठरवलं. सँडल काकांनी सांधला होता, पण ओढल्यावर पट्टा पुन्हा सुटला. काकू म्हणाल्या, चपला घालूनच जा, परत याल तवा आना. काका मला सोडायला बंदरापर्यंत आले. नको म्हटलं तरी माझी बॅग त्यांनी हातची सोडली नाही.

ओहोटी होती. लाँच पाणी चढायची वाट बघत दूर थांबली होती. धक्क्यावर मासळीच्या टोपल्या, जाळी, बर्फाच्या लाद्या. आम्ही एका कठड्यावर बसलो. समोर नुसता चिखल आणि त्यात टिचभर मासे उड्या मारत होते. काका मला त्यांची नावं सांगत होते. मी मधेच म्हटलं, "काका, ती बाई मी."

"कोन बाई?"

"तो मेल लिहिणारी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. बॅग मांडीवरून उचलून आमच्या दोघांच्या मधे ठेवली. पाणी थोडं थोडं वर येत होतं. मग ते म्हणाले, "मंग जेवताना का नाय बोललात?"

"भीती वाटली," एवढंच मी म्हणाले.

"भ्या तर मना पन वाटलं व्हतं," ते म्हणाले. पण त्यांनी ते मला माफ करायला म्हटलं नव्हतं, एवढं मला समजलं.

मग मी सगळं सांगितलं. लाल पाणी, साय, त्यांच्या बाटल्यांतलं मीठ. ते नीट ऐकत होते, मधे मधे प्रश्न विचारत होते, आणि प्रश्न माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा बरे होते. ताटलीवर वारा लागतो काय? खाली हलतं काय? शेवटी म्हणाले, "म्हंजे माजी चूक तुमच्या कामाला आली?"

"आली. आणि ती मी माझी हुशारी म्हणून छापली. आता दुरुस्ती छापणार आहे. तुमचं नाव घालून. कंपनीलाही लिहिते."

"नाव नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पुतन्याच्या मोबाईलवर जगातला सगला येतो. जीब गेली ते गावाला कलंल. कंपनीला काय लिवाल? जीब नसलेला मानूस परत घ्या म्हनून?"

माझी भरपाई करायची सगळी हौस तिथेच संपली. त्यांना त्यांचं नाव परत द्यायचं तर त्यांची लाज उघडी पडणार होती. इतका पक्का पेच मी पाच मिनिटांत, चहा पिता पिता, बांधून ठेवला होता.

लाँच धक्क्याला लागली. मी उठले आणि चपला काढायला वाकले. "ह्या काकूंना परत द्या. मला आता घालवत नाहीत."

"रावू द्या. अनवानी जाल काय मुंबईला?" त्यांनी बॅग माझ्या हातात दिली. "घरी मी नाय सांगनार. तिनं आपल्या हातानं तुमच्या पायात घातल्यात त्या."

ते मागे न बघता गेले. लाँच सुटेपर्यंत मी धक्क्याकडे बघत होते, पण ते आले नाहीत.

परत आल्यावर

मुंबईच्या व्याख्यानात मी निळ्या फुलाफुलांच्या चपला घालून उभी राहिले आणि माझा निष्कर्ष चुकीचा होता असं सांगितलं. काही जण म्हणाले, केवढा हा प्रामाणिकपणा. मला तिथून पळून जावंसं वाटलं. पुण्यात आल्यावर अनघाची माफी मागितली. मग आम्ही काकांनी सांगितलं तसं केलं. अगदी थोडं मीठ, उघडी ताटली, वारा लागू नये म्हणून भोवती पुठ्ठा. तिसऱ्या दिवशी साय धरली, पूर्वीपेक्षा सलग आणि चकचकीत. अनघाने टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. दुरुस्ती छापून आली आहे. त्यात "एका अनुभवी कामगाराच्या सांगण्यावरून" असं लिहिलं आहे. यापेक्षा जास्त लिहायची मला परवानगी नाही.

मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला. नंबर मीच त्यांना दिला होता, मिठागरावर लिहिणारी बाई म्हणून.

"लिवून झालं काय मिठागराचं?" त्यांनी विचारलं.

"होतच आलंय."

"मंग या ना एकदा. मना वाचता येत नाय, तुमीच वाचून दाखवा. आमचे ह्ये तर तुमचं नाव काडलं की उठून जातात. काय झालं ते पन सांगत नायत. आनि चपला घेऊन या, हं!"

"येते," मी म्हटलं.

त्यांना वाचून दाखवायचं ते हेच लिखाण. चपला धुऊन, पुसून, पिशवीत भरून दाराशी ठेवल्या आहेत. त्या फोननंतर मी दोनदा पनवेलवरून गेले. दोन्ही वेळा गाडी तिथे चहाला थांबली होती.